चकती पातळ येईपर्यंत

मार्च लागला की माझ्या पर्समध्ये दाढीच्या ब्लेडचं पाकीट येतं. कंगवा, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या आणि ब्लेड. परवा सांगलीच्या स्टँडवर रुमाल काढताना ते पाकीट खाली पडलं, तर शेजारची बाई जरा सरकूनच बसली. "कॉलेजात शिकवते हो मी, बॉटनी," मी म्हटलं. तिचा काही विश्वास बसला नाही. बॉटनीला ब्लेड कशाला लागतं हे नीट समजावत बसले असते तर बिचारीची विट्याची गाडी चुकली असती, म्हणून मी पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं.

इथे मात्र सांगते, कारण इथे कुणाची गाडी चुकत नाही. झाडाचं खोड आतून कसं आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, तर त्याची आडवी चकती कापावी लागते. ती इतकी पातळ हवी की पाण्यात टाकल्यावर आहे की नाही असा प्रश्न पडावा. डाव्या हाताच्या चिमटीत खोडाचा तुकडा, उजव्या हातात ब्लेड, आणि ब्लेड आपल्याकडे ओढत आणायचं. मोठ्या प्रयोगशाळांत याला यंत्रं असतात. आमच्याकडे यंत्र म्हणजे आपले दोन हात. आणि माझे दोन्ही हात थरथरतात.

भीतीनं नव्हे, आधीच सांगते. भीती वाटली तर जास्त थरथरतात, पण वाटली नाही तरी थरथरतातच. माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे थरथरतात, आत्याचे थरथरायचे, तसे माझे. कराडच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं की रोग वगैरे काही नाही, घराण्यातून आलेलं आहे, चहा कमी प्या. आमच्या घरात चहा कमी होणं शक्यच नव्हतं. आम्ही कप अर्धा भरून घ्यायला शिकलो, एवढाच काय तो फरक पडला.

आता माझी मुलं, म्हणजे वर्गातली, प्रॅक्टिकलच्या तयारीला लागली आहेत. लॅबच्या खिडकीतून करंजाची फुलं आत येऊन टेबलावर पडतात, पंखा ती इकडून तिकडे लोटत राहतो. कुणाचं जर्नल अपुरं, कुणाची सही राहिलेली. बाहेर उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या, आणि वारा फिरला की मळीचा तो आंबूस वास थेट वर्गात. मुलं नाक मुरडतात. मला मात्र त्या वासानं एकदम टीवायचा, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मार्च आठवतो. हात आपोआप ब्लेड धरल्यासारखे होतात.

तेव्हा मी कराडला शिकत होते. रोज गावाहून एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. लॅब म्हणजे लांबलचक खोली, काळ्या फरश्यांची टेबलं, कोपऱ्यात कायम गळणारा नळ. सॅफ्रॅनिन नावाचं लाल रंगद्रव्य आम्ही वापरायचो, त्याचे डाग सगळ्यांच्या बोटांवर, ओढण्यांवर, डब्यातल्या चपातीवरसुद्धा. पलीकडच्या झूलॉजीच्या लॅबमधून फॉर्मलीनचा वास यायचा आणि डोळे चुरचुरायचे. मला हे सगळं मनापासून आवडायचं. पहिल्यांदा कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसल्या होत्या तेव्हा मी माझी बघायची पाळी संपली तरी सूक्ष्मदर्शक सोडला नव्हता, मागच्या मुलींनी अक्षरशः ओढून बाजूला केलं होतं. आईला घरी येऊन सांगितलं, कांद्यात विटांचं बांधकाम असतं गं. आई म्हणाली, "असू दे. चिरताना डोळ्यात जातंय त्ये काय मग, सिमेंट?"

बघण्यात मी कुणाला हार जायची नाही. आकृत्याही बऱ्या काढायची, रेघ थोडी थरथरली तर ती पेशीभित्तिका म्हणून खपून जायची. पण कापायची वेळ आली की सगळं ओमफस्. माझी चकती एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं फाटलेली. काचपट्टीवर ठेवून वर झाकणकाच ठेवली की ती डुगडुगायची. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळा ढग. पहिली दोन वर्षं मैत्रिणींच्या उरलेल्या चकत्यांवर निभावलं. टीवायला मात्र परीक्षेत प्रत्येकानं आपापलं कापायचं, समोर बाहेरचे परीक्षक बसणार.

प्रज्ञा माझ्या टेबलावरची. तिचे वडील कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत नोकरीला होते, ती कराडला वसतिगृहात राहायची. माझं बारसं तिनंच केलं. टेबल जरा हललं की म्हणायची, "कोयना, हात काढ गं. आमच्याकडं भूकंप झाला म्हणून बातमी जायची." मग सगळेच मला कोयना म्हणायला लागले. मला राग यायचा नाही असं नाही. पण प्रज्ञा चिडवायची आणि आपल्या पाण्याच्या वाटीतली सगळ्यात पातळ चकती गुपचूप माझ्या वाटीत सोडायची. अशा माणसावर किती वेळ रागावणार?

एकदा मी तिला विचारलं, तुमच्याकडे खरंच जमीन हलते तेव्हा करता काय. तिनं जरा विचार केला. "मोठा असंल तर बाहेर पळतो. बारका असंल तर काय करायचं? आई भाकरी थापत असली तर परात धरून बसती. थांबला की पुढची थापती." एवढंच सांगितलं आणि चकत्या कापायला लागली.

प्रॅक्टिकल जवळ आलं तसं आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. फार चांगल्या होत्या, आजही मी त्यांचं नाव आदरानंच घेते. म्हणाल्या, "मनीषा, मी बाहेरच्या परीक्षकांशी बोलते. तुला तयार स्लाइड देऊ. तू फक्त ओळख, आकृती काढ, नावं दे. हाताचं कारण आहे, कुणी काही म्हणणार नाही." मग त्यांनी आणखी हळू आवाजात सांगितलं, "आणि पुढं एमएस्सीचा विचार करतेस, तर बॉटनीचाच हट्ट कशाला? हे हातांचं शास्त्र आहे, बाळ. तुला जमेल का?"

मला रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तो कुणावर काढायचा तेही कळेना, कारण समोरची बाई माझ्या भल्याचंच बोलत होती. तयार स्लाइड म्हणजे दुसऱ्या कुणीतरी कधीतरी कापलेलं. ती घेऊन मी पास झाले असते, चांगले गुणही पडले असते. पण मग पुढे आयुष्यभर प्रत्येक स्लाइड मला कुणीतरी कापून द्यावी लागली असती. मी म्हटलं, "मॅडम, जाड आली तरी चालेल. माझी मी कापते." त्या बरं म्हणाल्या.

केबिनमधून ऐटीत बाहेर पडले खरी, पण पुढे काय? पुढे सराव. आणि सराव करताना मी जी चूक केली ती उसाच्या पट्ट्यातल्या पोरीनंच करावी. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. कापायला खोड हवं म्हटल्यावर दुसरं काही शोधायला जायचं डोक्यातच आलं नाही. सकाळ-संध्याकाळ उसाची कांडी घेऊन ओट्यावर बसायचे. ऊस कडक, ब्लेड त्यात रुतायचं, मी जोर लावायचे. बोटं चिकट, ओढणी चिकट, जर्नलला मुंग्या. धाकट्या चुलत्यांनी विचारलं, "हिचं काय चाललंय? सुरीनं कापून खा की गं." आईला वेगळीच काळजी. पानाची चकती घ्यायची तर पान गाजरात खोचून धरतात, म्हणून गाजरं मी पळवायची. "मने, भाजीला एखादं ठेवतीस का समदी कॉलेजलाच?"

अण्णा काही बोलायचे नाहीत. ते पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले. उठणं, दाढी, चहा, रान, सगळं ठरल्या वेळेला. संध्याकाळी रानातून आले की पाय धुता धुता एकच प्रश्न विचारायचे.

"आली का चकती पातळ?"

"न्हाई अण्णा."

"बरं."

चकती हा शब्द त्यांचाच. आम्ही लॅबमध्ये सेक्शन म्हणायचो. पण त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मीही चकती म्हणायला लागले, ते आजतागायत. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये कधी निराशा नसायची की धीर देणं नसायचं. आज नाही आली, उद्या विचारू, असं ते बरं होतं.

एका सकाळी मी ओट्यावर ब्लेडचे दोन तुकडे करत बसले होते. दाढीचं ब्लेड कागदात धरून मधोमध मोडायचं, म्हणजे एका बाजूनं धरायला सोपं जातं. ब्लेडं अर्थात अण्णांच्याच पाकिटातली. समोर खांबाच्या खिळ्याला आरसा अडकवून अण्णा दाढी करत होते. हे दृश्य मी जन्मापासून बघत आलेले, म्हणजे खरं तर कधीच बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांनी उचलला, कप खडखडला, चहा बशीत सांडला. कप खाली ठेवला, वस्तरा उचलला, गालावर लावला, आणि तो सरळ खाली आला. कानापासून हनुवटीपर्यंत, एका रेषेत. पुन्हा कप, पुन्हा खडखड. पुन्हा वस्तरा, पुन्हा सरळ.

"अण्णा, तुमचा हात आत्ता हालला न्हाई."

"हालला की."

"मग कापलं कसं न्हाई?"

त्यांनी साबण पुसला आणि ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. भरतीनंतर फायरिंगच्या मैदानावर पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं होतं की बंदुकीचं टोक नाचतंय. सगळ्या गोळ्या बाहेर. आता आपल्याला घरी पाठवतात म्हणून रात्रभर झोप नाही. पण त्यांना शिकवणारा उस्ताद कुठल्याशा उत्तरेकडच्या गावचा होता, त्यानं काही घरी पाठवलं नाही. त्यानं श्वास शिकवला. भरून घे, अर्धा सोड, थांब, मग बोट दाब.

"म्हंजे हात थांबतो?" मी विचारलं.

"कशाचा थांबतोय. हाताला थांब म्हनलं की त्यो जास्त हालतोय. त्याला हालू दे. श्वास अर्धा सोडला की दोन हालण्याच्या मधी जरा जागा गावती. तेवढ्यात काम करायचं. न्हाई गावली तर पुन्यांदा श्वास घ्यायचा. घाई न्हाई."

मी लगेच ऊस घेतला, श्वास अर्धा सोडला, थांबले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कारण मी श्वास सोडून तसाच धरून बसले होते, जागा कधी गावते याची वाट बघत. अण्णा हसले. फार क्वचित हसायचे. "आगं, थांब म्हनलं, जीव दे म्हनलं न्हाई."

मग रोज सकाळी आम्ही दोघं ओट्यावर, ते आरशासमोर आणि मी मागे. त्यांचा श्वास मला ऐकू यायचा, त्याच्या जोडीनं मी माझा सोडायचे. मला ते दिवस फार सुखाचे गेले. परीक्षा तोंडावर आलेली असताना सुखाचे गेले म्हणणं विचित्र वाटेल, पण गेले. संध्याकाळचा प्रश्न मात्र तोच, आणि उत्तरही बरेच दिवस तेच.

परीक्षेच्या दिवशी माझ्या वाटीत सूर्यफुलाचं खोड आलं. कोवळं, आत भेंडासारखं मऊ. आणि माझा हात उसाला सरावलेला. पहिल्याच ओढीला खोडाचा चेंदामेंदा. दुसऱ्याला तेच. प्रज्ञा पलीकडच्या टेबलावरून बघत होती. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांची नजर भिंतीकडच्या कपाटाकडे गेली, जिथे तयार स्लाइड्सच्या पेट्या होत्या. मी एक शब्द बोलले असते तर पेटी उघडली असती. मी मान खाली घातली. हात इतके हलत होते की वाटीतलं पाणीही हलत होतं. परात धरून बसलेली प्रज्ञाची आई का कोण जाणे आठवली. मी ब्लेड खाली ठेवलं, दोन्ही हात वाटीभोवती धरले, आणि पाणी शांत होईपर्यंत काहीच केलं नाही.

मग नवं अर्धं ब्लेड घेतलं. कोपरं पोटाशी आणली. श्वास भरला, अर्धा सोडला. जागा गावली तिथे ब्लेड ओढलं, जोर न लावता. गावली नाही तिथे थांबले. ब्लेडवर चकत्या साठत गेल्या, कुंचल्यानं त्या पाण्यात सोडल्या. बहुतेक जाड, पांढऱ्या. एक मात्र पाण्यात पडली आणि दिसेनाशी झाली. ती शोधायलाच मला वेळ लागला.

परीक्षक वयस्कर होते, कमी बोलणारे. डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. "तिरपं कापलंय," म्हणाले.

"हो सर. एक कड जाड आहे. पण पातळ कडेला सरकवलं तर वाहिन्यांचे तीन गुच्छ पूर्ण दिसतात."

त्यांनी काचपट्टी सरकवली. मला माहीत होतं त्यांना काय दिसतंय, कारण मी ते त्यांच्या आधी बघितलं होतं. लाल रंगलेल्या गोल पेशी, बाहेर तंतूंची टोपी, मध्ये ती अरुंद वाढीची पट्टी. "तुम्हीच कापलंत?" त्यांनी विचारलं. त्यांनी माझे हात बघितले होते. "मीच," मी म्हटलं. "बरं, आता या पट्टीचं काम सांगा," म्हणाले, आणि तोंडी परीक्षा इतरांची झाली तशीच माझीही झाली.

त्या संध्याकाळी एसटीतून उतरले तर अण्णा फाट्यावरच उभे. रानातून परस्पर आले होते, पाय चिखलाचे. त्यांनी प्रश्न विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. ते "बरं" म्हणाले, आणि घरापर्यंत माझी बॅग त्यांनी घेतली.

पुढचं सगळं त्या चकतीवर उभं आहे. कोल्हापूरला एमएस्सी केलं, धक्के खात सांगलीत नोकरी लागली. दर वर्षी नव्या वर्गाला पहिली चकती मी स्वतः कापून दाखवते. मुलं भोवती जमतात, मोबाइल वर धरतात, आणि हात थरथरायला लागला की एकमेकांकडे बघतात. मी थांबत नाही. प्रज्ञा आता पुण्यात असते, तिचा फोन अजूनही "काय कोयने" म्हणूनच सुरू होतो.

या रविवारी गावी गेले. अण्णा ओट्यावर बसलेले, गालावर पांढरे खुंट वाढलेले. मी दारातच थबकले. अण्णांना असं मी कधीच बघितलं नव्हतं, तापात पडलेले असतानाही नाही. आई आत नेऊन सांगायला लागली, की हात आता लयच हलतो, मध्ये हनुवटीला मोठं कापलं, तेव्हापासून वस्तरा हातात धरत नाहीत. न्हाव्याकडे जा म्हटलं तर जात नाहीत, घरी बोलावू म्हटलं तर तोंड फिरवून बसतात. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, म्हाताऱ्याच्या हट्टाचा. पण तो हट्ट मी ओळखत होते.

मी पर्समधून ब्लेडचं पाकीट काढलं, अण्णांच्या वस्तऱ्यात नवं ब्लेड बसवलं. पाणी गरम केलं, साबणाचा फेस केला. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या हातांकडे.

"तुजा बी हालतोय की."

"हालू द्या."

आई मध्ये पडली. "आगं मने, गळ्याचं काम हाय त्ये. आवं, तुमी तरी सांगा हिला. न्हाव्याला बोलावते मी."

अण्णांनी टॉवेल मानेभोवती घेतला. "नगं," ते म्हणाले. "तिला कापू दे."

मी त्यांच्या गालावर डावा हात ठेवला. त्यांचा गाल हलत होता, माझा हात हलत होता. "श्वास अर्धा सोडा," मी म्हटलं, आणि माझाही सोडला. जागा गावली तिथे वस्तरा ओढला. गावली नाही तिथे दोघंही थांबलो. दारातल्या करंजावर कसलासा पक्षी ओरडत होता, आई पदर तोंडाशी धरून उभी होती. कानाखाली एक बारीक ठिपका रक्त आलं, त्याला तुरटी लावली. अण्णांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. ऊन ओट्याच्या पायरीवर आलं तेव्हा दाढी झाली.

आरसा त्यांच्यापुढे धरला तर तो माझ्या हातात हलायला लागला. त्यांनी सावरायला हात लावला तर जास्तच हलला. दोघांनाही हसू आवरेना. शेवटी आईनं तो आमच्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. "आता बगा," म्हणाली.

अण्णांनी बघितलं. गालावरून उलटा हात फिरवला, मग सुलटा.

"आली," म्हणाले. "पातळ आली."